नणंदेच्या रक्ताचा थेंब

मी, गोम्बोची मुलगी दुलामसुरेन, वय एकाहत्तर, आर्खांगाय प्रांतातल्या उलान-खोशू वस्तीची निवृत्त नर्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही. ज्यांचा धाक वाटायचा ते केव्हाच गेले.

हे माझे दुसरे मृत्युपत्र. पहिले सात वर्षांपूर्वी लिहिले, माझ्या रक्तात हेपॅटायटिस सी निघाला तेव्हा. ते आता रद्द समजावे. त्यात शिवणयंत्र धाकट्या बहिणीला, यांजिनला, दिले होते. ती बिचारी दोरी घेऊन आली आणि आपल्या गेरच्या तंबूत ते कुठे बसेल याचे माप घेऊन गेली. मी तीन महिने रोज एक गोळी खाल्ली, रक्त साफ झाले, आणि पुढच्याच हिवाळ्यात यांजिन हृदयविकाराने गेली. मला अजून तिच्यापुढे ओशाळल्यासारखे होते.

कलम एक. गेर, लोखंडी चूल, दोन रंगीत पेट्या आणि अकरा याक मुलगा ओदखू याला. तो उलानबातरमध्ये खुर्चीवर बसून काम करतो. दूध कसे काढतात ते त्याने फोनवर बघून शिकावे. नाही जमले तर याक विकावेत, पण एकाच घरी. त्यांना एकमेकांची सवय आहे.

कलम दोन. शिवणयंत्र सून नोमिनला. माझा आजार कळल्यावर पहिल्याच भेटीत तिने माझ्या वाडग्यातला उरलेला चहा पिऊन टाकला. का गं, विचारले तर म्हणाली, तहान लागली होती. एवढ्यावर यंत्र तिचे झाले.

कलम तीन. माझ्या मयताला व्होडका असू नये. मी सात वर्षे घेतलेली नाही. लग्नात पेला हातात घेते, बोट बुडवून आभाळाला तीनदा शिंपडते आणि पेला पुढे देते. आभाळाने तक्रार केलेली नाही, दिरांनी पुष्कळ केली. दर सहा महिन्यांनी तालुक्याला जाऊन यकृताची सोनोग्राफी करून घेते, चरबीचे मांस कमी खाते, आणि दोघे दीर गेले तरी मी टेकडी चढते. तरीही कुणाला प्यायचीच असेल, तर आधी रक्त तपासून आल्याचा कागद दाखवावा.

कलम चार. लाल लोकरीचा धागा बांधलेला लाकडी वाडगा नणंद पागमा हिला परत. तो तिचाच आहे. माझा आजार कळल्यापासून तिच्या घरी मला चहा त्याच वाडग्यातून मिळतो आणि मी उठले की तो गेरबाहेर पालथा पडतो. हा आजार चहातून लागत नाही, रक्तातून लागतो, हे मी तिला दरवर्षी सांगितले. ती म्हणते, "वहिनी, तुला शिकलेलीला काय, मला नातवंडं आहेत." वर्षाच्या पहिल्या दिवशी तपकिरीची बाटली हुंगायला एकमेकांच्या हाती देतात, तेव्हाही ती माझी बाटली बाहीत धरते आणि नाकाला न लावता परत करते. मला ते फार लागले. इतके की एका वर्षी मी डोके दुखते म्हणून गेलेच नाही.

कलम पाच. काचेच्या चार सिरिंजा, नऊ सुया आणि उकळायचा डबा कुणालाही देऊ नये, ठेचून पुरावे. बावीस वर्षे मी याच सुयांनी सगळी वस्ती टोचली. चुलीतले शेण ओले असले की पाणी नीट उकळायचे नाही आणि दाराबाहेर रांग थांबलेली असायची. शिकवले होते तसेच केले. पण शिकवले होते ते पुरेसे नव्हते. १९८३च्या हिवाळ्यात पागमाला न्यूमोनिया झाला. बारा दिवस, दिवसातून चार वेळा, मी तिला पेनिसिलिन टोचले. मधल्या वेळात त्याच सुया इतरांना. त्यातल्या तिघांच्या रक्तात आता हा आजार निघाला आहे. तिला तो असेल तर बहुतेक माझ्या हातूनच गेला आहे. ही गोष्ट मी सात वर्षे कुणाला सांगितली नाही. मला भीती वाटत होती.

कलम सहा रिकामे आहे. इथे दिरांविषयी लिहिले होते, खोडले.

कलम सात. माझी अकीक दगडाची तपकिरीची बाटली पागमाला, एका अटीवर: तिने रक्त तपासून घ्यावे. तालुक्याच्या दवाखान्याने तपासणीच्या पट्ट्या माझ्याकडे दिल्या आहेत. वस्तीत एकशे बारा बोटे टोचली, प्रत्येकाला नवी सुई. फक्त पागमाने हात दिला नाही. ज्या आजारासाठी वहिनीचा वाडगा पालथा घातला, तोच आपल्यात निघाला तर तोंड कुठे लपवायचे, म्हणून. गोळ्या आहेत, तीन महिन्यांचे काम आहे, आणि ही बाई लाजेपायी यकृत घालवायला निघाली आहे. मी जिवंतपणी हरले. मेल्यावर तरी ऐकेल.

सहीपूर्वीची नोंद. आज हा लेख साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. पागमालाही बोलावले होते. कलम पाच संपले तेव्हा ती उठून जाईल असे मला वाटले. गेली नाही. सात संपल्यावर म्हणाली, "सगळं लिहिलंस. मी त्या सुईनं जगले, ते कुठं आहे?"

मी म्हटले, ते मृत्युपत्रात कशाला.

"बाकीचं कशाला आहे मग? तेव्हा टोचलं नसतंस, तर तुझा चहा नाकारायला मी उरले असते का?" आणि तिने हात पुढे केला.

मी म्हटले, दवाखान्यात नवी मुलगी आहे, ती टोचेल. मी नको.

"तिला मी ओळखत नाही. तूच टोच."

नवी सुई होती. मी टोचले. वीस मिनिटे आम्ही पट्टीकडे पाहत बसलो. तिच्यावर दुसरी रेघ उमटली, म्हणजे बहुधा आजार आहे. पक्क्या तपासणीसाठी रक्त उद्या तालुक्याला जाईल आणि आम्ही दोघीही जाऊ. मी रडले, साक्षीदारांनी छताकडे पाहिले.

त्यामुळे कलम सातमधली अट माझ्या हयातीतच पुरी झाली, ती रद्द समजावी. कलम पाचच्या शेवटी एक ओळ जोडून वाचावी: 'तेराव्या दिवशी मी उठून गाय दोहली.' ही ओळ माझ्या हातची नाही. पागमाने लिहिली आहे; तीही लेखाचा भाग समजावी.

सही: दुलामसुरेन

साक्षीदार:
१. चोइजिल, वस्तीप्रमुख
२. ल्हामजाव, जनावरांचे निवृत्त डॉक्टर

उलान-खोशू, १४ ऑक्टोबर २०२३