आजोबांपुढं ठेवलेला डबा

शिओमी
मे महिन्यातला दुसरा मंगळवार, सकाळ

चिनात्सु पोरी,

तुला आशीर्वाद. इथं सगळं ठीक. माझी कंबर जिथं होती तिथंच आहे, तिच्यातली कळही. बांबूचे कोंब यंदा कडू निघाले. दोनदा उकडून पाणी फेकलं, तरी तुझा बाप तोंड वाकडं करूनच जेवला. शेजारच्या फुमिएनं तिच्या केस कापायच्या दुकानात आरशाच्या वर तुझा हा एवढा मोठा फोटो लावलाय. मान वर केली की तू चेंडू घेऊन अंगावर येतेस. मी हल्ली केस घरीच कापते.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "हो आजी, बरं आजी" एवढंच बोलतेस, आणि मागं संघातल्या पोरी खिदळत असतात. कागदामागं कुणी नसतं. अक्षर वेडंवाकडं आहे, चार यत्तांत आलं तेवढं. नाही लागलं तर दोनदा वाच.

शनिवारी तुमच्या क्लबचे मॅनेजर तातेयामा घरी येऊन गेले. बरोबर कारखान्याचे मालक, कुराशिगे. माशाच्या वड्या विकून माणसाचं एवढं पोट सुटतं हे मला माहीत नव्हतं. बूट काढायला वाकता येईना, तर तातेयामानं खाली बसून त्यांचे बूट ओढले आणि टोकं दाराकडं करून नीट लावून ठेवले. हा माणूस तुमचा संघ चालवतो.

मालकांनी दोन्ही हातांनी डबा पुढं केला. योकान, लाल चवळीच्या गोड वड्या, शहरातल्या जुन्या दुकानातल्या. चांगला जड. मी घेतला, तुझ्या आजोबांच्या फोटोपुढं ठेवला, उदबत्ती लावली, घंटी वाजवली. घरात आलेलं आधी त्यांना, हे माझ्या हातांना पाठ आहे. ते डोक्याला विचारायला थांबत नाहीत.

मग दोघं बोलायला लागले.

"पुढच्या रविवारचा सामना शेवटचा," तातेयामा म्हणाले. "सगळं गाव येणार. हा हरलो तर पुढच्या वर्षी मालक संघावर पैसे घालतील असं नाही. चिनात्सुचा गुडघा बघून डॉक्टर खेळायला नको म्हणतात, पण डॉक्टर नेहमीच नको म्हणतात. सुई देऊ, पट्टी घट्ट बांधू. एकच सामना, आजी."

"मग तिलाच विचारा की."

"विचारलं. ती म्हणाली, आजी परवानगी देणार नाही."

असं होय! म्हणजे तू तुझा नकार माझ्या तोंडात ठेवलास, आणि मलाच सांगितलं नाहीस. अगं, एक फोन केला असतास तर डब्याला मी हातसुद्धा लावला नसता. दारातच कंबर धरून बोंब मारली असती.

मी म्हटलं, "खरं बोलली ती. नाही देणार."

कुराशिगे माझ्याकडं बघतच नव्हते. आजोबांच्या फोटोकडं बघत होते. उदबत्ती निम्मी जळली होती. "यजमानांनी तर स्वीकारलंय," म्हणाले, आणि फोटोपुढं चटईला कपाळ टेकवून आले. मेलेल्या माणसापुढं ठेवलेलं आजवर या गावात कुणी परत केलेलं नाही, म्हणजे त्यांच्या लेखी झाला होकार. दोघं चहा पिऊन उठले. जाताना तातेयामा म्हणतात, "रविवारी पहिल्या रांगेत तुमची खुर्ची, आजी. मालकांच्या शेजारी."

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. त्यांना गाडीतून आणलं तुझ्या बापानं. कारखान्याची गाडी चालवतो, मालक म्हणतील तिकडं नेणार. स्वतःच्या घरी आला आणि आत आला नाही. दारात, बूट पायात, टोपी हातात, परक्यासारखा बसून सगळं ऐकत होता. मी चहा नेऊन दिला तर म्हणाला, "आई, मी कामावर आहे."

काल सकाळी मी डबा खाली काढून कापडात बांधला. आजोबांना सांगितलं, तुम्हाला गोड कधी आवडलं नाही, आता उगाच हट्ट करू नका. तुझ्या बापाला म्हटलं, "शोहेई, हा मालकांना परत दे." घेऊन गेला. संध्याकाळी बघते तर डबा गाडीत मागच्या सीटवर, कापडाची गाठही तशीच.

"काय झालं?"

"मालक बैठकीत होते."

"दिवसभर?"

पन्नाशीचा माणूस भाताच्या वाटीत बघत बसला. मी त्याला आणखी भात वाढला. तूही त्याच्यावर रागावू नकोस. ही गाडी गेली तर या वयात त्याला दुसरी कोण देणार? संघ बुडाला तर तुझ्या बरोबरीच्या पोरींचं काय, हेही मला कळतं. तुलाही कळतं, म्हणून तर तुझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. सगळ्यांनी एकमेकांचे पाय धरून ठेवलेत, आणि मधे तुझा गुडघा.

नवीन वर्षाला आलीस तेव्हा जिना तू तिरकी होऊन, कठडा धरून उतरलीस. माझ्यासारखी. मी स्वयंपाकघरातून बघत होते. दिसलं नाही असं दाखवलं, कारण तू काही झालं नाही असं दाखवत होतीस.

तर मी रविवारी येते. खुर्ची दिली आहे, बसणार. डबा मांडीवर. कुराशिगे शेजारी येऊन टेकले की उचलून त्यांच्या मांडीवर ठेवणार, सामना सुरू व्हायच्या आधी, सगळ्या गावासमोर. माफी माग म्हणतील, मागेन. वाक म्हणतील तेवढी वाकेन. डबा मात्र परत घेणार नाही. पुढं तुझ्या बापाचं काय होईल, मला माहीत नाही. त्याला आज जेवताना सांगणार आहे. मला मैदानावर सोडायला त्यालाच यायचंय. येईल की नाही तेही माहीत नाही. नाही आला तर बस आहे.

पण तू एकदा मैदानात उतरलीस की तो डबा नुसता खाऊ. मग मी परत दिला काय आणि खाल्ला काय. तुला मनापासून खेळायचंच असेल तर तसं आधी कळव. माझ्या तोंडात आता दुसरं काही ठेवू नकोस. नसेल खेळायचं, तर कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभी राहून पहिल्या रांगेकडं बघ. माझे हात रिकामे दिसले की तुझा नकार पोचला. बुटाची नाडी बांधूच नकोस.

तुझा नकार तोंडात धरून बसलेली,
आजी तोमे