थोरली की धाकटी

१० मे, रविवार. सकाळी ११.

फोनवरच्या फोटोंची किळस आली आहे. बायकोच्या, म्हणजे दिशाच्या, चुलतबहिणीच्या साखरपुड्याचे एकशे चाळीस फोटो ग्रुपवर आले. सगळ्यांचे चेहरे पीठ फासल्यासारखे पांढरे. खाली सगळ्यांनी 'नाइस पिक' लिहिलंय. मी काही लिहिलं नाही. एवढा निषेध पुरे.

आजपासून सीरियस फोटोग्राफी. पालघरच्या भावेशने (स्टुडिओवाला, लग्नांची कामं करतो) त्याचे दोन जुने डीएसएलआर वापरून बघायला दिले. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत ठरव, एक ठेव, एक परत आण. दोघांना मी नावं दिली. थोरली म्हणजे मोठ्या सेन्सरची. जड, संथ, सेकंदाला तीन फोटो काढताना दमते, पण माणसाचा चेहरा असा काढते की बघत राहावं. धाकटी लहान सेन्सरची, पण सेकंदाला आठ फोटो. पक्षी, क्रिकेट, जे काही पळतं ते तिचं. अंधार पडला की मात्र तिच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात.

मुद्दा असा. सासरे, विश्राम तांडेल, सातपाटीचे. गुडघे गेले, म्हणून या ३१ मेला शेवटची फेरी करून येणार आणि बोट कायमची वर काढणार. १ जूनपासून मासेमारी बंद असते, तेव्हा तीच शेवटची तारीख. त्या दिवशी बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, उभे राहून ते खाडीत शिरतील तो फोटो काढायचं काम माझ्याकडे आलंय. सासूबाईंनी लग्नानंतरच्या सात वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. म्हणाल्या, "आमच्याकडं मानूस गेल्यावर फोटो शोधाया लागतो. यांचा आदीच काढून ठेवा."

काढतो. भिंतभर मोठा काढतो.

१२ मे. बोईसर, लंच टाइम.

थोरली कंपनीत नेली. स्टोअर्समधल्या रॅकवर टेस्ट करायची होती. गेटवरचा पांडेजी मध्येच उभा राहिला. साहब, एक फोटो निकालो, गाँव भेजना है. मग त्याच्या मागे आणखी सहा जण. या एमआयडीसीत कोणाला कलेचं काही नाही, सगळ्यांना गावी पाठवायचा फोटो हवा. मी सांगितलं की हे टेस्टिंग आहे. तोंडं पाडून गेले. बाहेर नाल्याचा वास एवढा की जेवण गेलं नाही. रॅकचे चाळीस फोटो काढले. रॅक उत्तम आलाय.

१५ मे. संध्याकाळी.

डाळीच्या डब्यावर दोन्ही कॅमेऱ्यांची तुलना. अंतर सारखं, प्रकाश सारखा. डब्यावरचा गंज थोरलीने जास्त भावपूर्ण टिपलाय. दिशाने डबा मागितला. म्हटलं अर्धा तास थांब. तिने आमटी न करता पिठलं केलं. मोठ्या कामात घरचा सपोर्ट नसतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं.

१७ मे, रविवार. घिवली.

आमच्या वाडीत आलो, धाकटीची पक्ष्यांवर टेस्ट घ्यायला. अण्णांनी (माझे वडील) कॅमेरा बघितला आणि हातात पाइप दिला. चिकूला पाणी लाव म्हणाले. एका हाताने पाणी लावत दुसऱ्या हाताने कावळ्याचे तीनशे फोटो काढले. दोनशे ऐंशी फोटोंत फांदी आहे. उरलेल्यांत कावळा पाठमोरा. शेजारचे पंढरीकाका आले आणि पासपोर्ट साइज निघेल का विचारू लागले. शिसारी आली. अजंठ्याच्या चित्रकाराला कोणी दाराला रंग मारशील का विचारलं नसेल.

निष्कर्ष: धाकटी चपळ आहे. कावळा जास्त चपळ आहे.

२० मे. सकाळी.

खरा प्रश्न आज सुचला. नाळेवर उभे असलेले सासरे हा पोर्ट्रेटचा विषय की ॲक्शनचा? सासरे स्थिर आहेत, बोट चालती आहे. पोर्ट्रेट म्हटलं तर थोरली. ॲक्शन म्हटलं तर धाकटी. दिशाला विचारलं. ती म्हणाली, कुठलाही ने, पण बाराच्या आधी पोच, त्या दिवशी पुनव आहे.

बारा वाजता! डोक्यावर ऊन, डोळ्यांखाली काळ्या सावल्या. बाराचा फोटो म्हणजे माणूस भूत दिसतो. फोटोग्राफीत बारा हा वाजवण्याचा आकडा आहे, काढण्याचा नाही. यांचं सगळं तिथीवर. माझ्या ॲपवर सूर्य मिनिटामिनिटाने दिसतो. ३१ तारखेचा सूर्यास्त ७.११. म्हणजे साडेसहाला सोनेरी प्रकाश. त्यावर वाद नाही.

२४ मे, रविवार. सातपाटी. रात्रीच्या जेवणाआधी.

आज लोकेशन स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो. मी ऐकीव माहितीवर चालत नाही. संध्याकाळी साडेसहाला खाडी भरलेली, पाण्यावर सोनं, आणि एकामागून एक चार बोटी आत आल्या. माझं गणित सोळा आणे खरं. बोटी साडेसहाला येतात.

सासरे वलांडीखाली बसले होते (बोंबील वाळत घालायची बांबूची मांडणी, तिचा वास शर्टाला लागला तो अजून गेला नाही, आणि माश्या तर थोरलीच्या लेन्सवर बसत होत्या). ते मला काहीतरी गणित सांगत होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आज आठम-नवमी, म्हणून आज संध्याकाळी पाणी, असं काहीसं. मी तेव्हा व्हाइट बॅलन्स लावत होतो. मान हलवली. वडीलधाऱ्या माणसांना बोलू द्यावं.

मग त्यांना उभं करून टेस्ट घेतली. सात मिनिटं उभे राहिले. गुडघा दुखत असावा, दोनदा पाय बदलला. झालं का विचारलं. मी सांगितलं की आज चेहऱ्याची गरज नाही, फक्त फोकस तपासतोय. थोरलीचा फक्त मधला फोकस पॉइंट खात्रीचा, आणि मध्ये बोंबील होते.

सासूबाईंनी चहा दिला. त्यात माशी होती. कोणाला काही वाटलं नाही.

२६ मे. ऑफिसमधून आल्यावर.

सासऱ्यांना फोन केला. ते उद्या सकाळच्या पाण्याला निघणार, थेट ३१ला परत. स्पष्ट सांगितलं की बारा वाजता प्रकाश वाईट असतो, तेव्हा साडेसहाला आत या. आधीच पोचलात तर बाहेर थांबा, नाहीतर संध्याकाळी एक राउंड पुन्हा मारा. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, बघू.

मान्य झालं. समजावून सांगितलं की माणसं ऐकतात.

दिशाला हे सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला आणि पुन्हा पाण्याचं काहीतरी सुरू केलं. मी म्हटलं, तुझे बाबा हो म्हणालेत. ती म्हणाली, बघू म्हणजे हो नव्हे. आमच्या लग्नाच्या वेळीही ते बघू म्हणाले होते. मग झालंच ना लग्न?

३० मे, शनिवार. संध्याकाळी ५.

निर्णय: दोन्ही कॅमेरे न्यायचे. थोरली गळ्यात, धाकटी खांद्यावर. बोट लांब असेपर्यंत धाकटी, जवळ आली की थोरली. हे आधी कसं सुचलं नाही? कारण मी खोलात विचार करतो.

संकल्प: १) उद्या चिडायचं नाही. २) वासाकडे लक्ष द्यायचं नाही. ३) एकदा तरी त्यांना हसवायचं, दात दिसले पाहिजेत.

३१ मे, रविवार. सकाळी ८.३०.

दिशा साडीच्या पिशव्या घेऊन पहिल्या रिक्षाने गेली. जाताना म्हणाली, अकराला तरी निघ. बायकांना अशा कार्यक्रमाला लवकर जायचं असतं. सकाळपासून तिथे उन्हात उभं राहून मी संध्याकाळी शटर दाबू कसं?

१०.१५. धाकटीच्या सेन्सरवर धुळीचा ठिपका. नेमका जिथे सासऱ्यांचं डोकं येईल तिथे. साफ करायला घेतोय. हात हलता कामा नये, म्हणून फोन सायलेंट करून आतल्या खोलीत ठेवला.

दु. १.४०. ठिपका गेला. तीन तास लागले पण काम चोख. दिशाचे अकरा मिस्ड कॉल. शेवटचा १२.०५चा. काहीतरी विसरली असणार, कापूर किंवा नारळ. यांना कशाचं नियोजन नाही. दहीभात खाल्ला. पडतो थोडा. प्रकाशाला अजून पाच तास आहेत.

सं. ७.३०. सातपाटी.

५.५०ला पोचलो. खाडीत पाणी नव्हतं. नुसता चिखल, त्यात कुत्रे फिरत होते. बोट वर होती. पार वर, घरांजवळ, ओंडक्यांवर. बावटे उतरवून झाले होते. इंजिनही काढून नेलं होतं.

बोट बाराला आली. पुनवेचं पाणी एवढ्या वर तेव्हाच येतं, आणि आली तशीच ओढून घेतात, नाहीतर तळ चिखलात बसतो. हे मला आता सगळ्यांनी सांगितलं. प्रत्येकाने वेगळं येऊन सांगितलं.

फोटो कोणीच काढला नाही. गावात दोनशे फोन असतील. मी विचारलं. सासूबाईंनीच सगळ्यांना फोन ठेवायला लावले होते. जावई मोठा कॅमेरा घेऊन येतोय, तुम्ही दोरीला हात लावा, असं म्हणून. बोट वर घेताना रिकामा हात कोणाचाच नसतो. दिशाही दोरीवर होती. तिचे तळवे सोललेत. तिने मला दाखवले नाहीत, मी पाहिले.

सासऱ्यांनी चार दिवस प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला धुतलेला सदरा आत शिरताना घातला. नाळेवर उभे राहिले. हात बांधू की कमरेवर ठेवू, असं खलाशांना विचारत होते. किनाऱ्याकडे बघत राहिले. हे दिशाने सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी त्यांना म्हटलं की आता बसा नाळेवर, प्रकाश उत्तम आहे. खरंच उत्तम होता. ते बोटीच्या सावलीत बसले होते. सदरा बदलून झाला होता. पायावरचा चिखल झटकला. मग म्हणाले, "फोटोचं र्‍हाऊ द्या. दोरीला एक मानूस कमी पडला, त्याचं वाईट वाटलं."

धाकटीचा सेन्सर एकदम स्वच्छ आहे.

१ जून. पालघर.

दोन्ही कॅमेरे भावेशला परत केले. कोणता चांगला वाटला, त्याने विचारलं. मी म्हटलं, पोर्ट्रेटला थोरली, ॲक्शनला धाकटी. तो म्हणाला, हे तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग कार्डं रिकामी करून दे म्हणाला. एकोणीसशे बारा फोटो. स्वतःचीच शिसारी आली. पहिल्यांदाच.

७ जून, रविवार.

सासूबाईंनी दिशाला विचारलं की त्या महिनाभरात यांचा एखादा तरी फोटो आला असेल ना. कार्डांवरचे सगळे मी आधीच उतरवून ठेवले होते. दिशा माझ्या कॉम्प्युटरवर दीड तास बसली. डाळीचा डबा, रॅक, कावळा, कावळा, कावळा. पांडेजीसुद्धा नाही, त्याला मीच हटवलं होतं. सासऱ्यांचा एकच निघाला. २४ तारखेचा. पुढे वलांडीवर बोंबील, इतके स्पष्ट की दात मोजावेत. मागे सासरे. म्हणजे एक धूसर पांढरा सदरा आणि त्यावर एक धूसर तपकिरी गोळा.

तोच मोठा करून फ्रेम करून घेतला. आज सातपाटीला नेऊन लावला. खिळा मी ठोकला. येणारे-जाणारे बघून विचारतात, मागं कोन हाय. सासूबाई म्हणतात, हे. मग बघणारा एकदा फोटोकडे बघतो, एकदा सासऱ्यांकडे, आणि विश्वास ठेवतो.

सासरे चष्मा लावून बराच वेळ फ्रेमसमोर उभे राहिले. थोरलीच्या शार्पनेसबद्दल दोन शब्द सांगावेत असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते म्हणाले, "बोंबील आपलेच हायत. चांगले सुकले होते तवा."

मी हो म्हटलं.