दहापैकी किती

४ जुलै २०१६
तलासरीच्या पाड्यावरच्या या शाळेत रुजू होऊन तीन आठवडे. आज मोठे सर व्हरांड्यातून जाता जाता म्हणाले, "बाई, पहिलीचा आवाज ऐकू येतो हं आता." झालं! नरपडला घरी पोचेपर्यंत स्कूटी हवेत. आईला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "ऐकलं गो."
वह्या तपासून तपासून खोड लागलीय, स्वतःलाही रोज मार्क देते. आज ९/१०.

५ जुलै
सर काहीच बोलले नाहीत. म्हणजे कालचा टोमणा होता? आवाज म्हणजे गोंगाट? ३/१०.

२० ऑगस्ट
खिचडी करपली. सर सगळ्यांसमोर जानीबाईवर, म्हणजे आमच्या स्वयंपाकीणबाईवर, ओरडले. ती म्हणते, "हां, करपली. गप्पा मारत होते." आणि हसत हसत तीच वाढली. मी असते तर दोन दिवस जेवले नसते. हिला लागत कसं नाही? की लागतं आणि...
जानीबाई मला 'तू' म्हणते. सरांनाही. इकडे अहोजाहो नाहीच. जूनमध्ये राग यायचा, आता येत नाही. बहुतेक.

२३ सप्टें.
रंगी! तीन महिने तोंड उघडलं नव्हतं, आज फळ्यावरचं 'कमळ' वाचलं. मग माझ्याकडे न बघताच जागेवर जाऊन बसली. १०/१०. स्कूटीवर गाणी म्हटली.

१७ नोव्हें.
दिवाळीनंतर शाळा उघडली. ३१ पैकी १४ हजर.

२४ नोव्हें.
११. रंगीही नाही. काय चुकलं माझं? सुट्टीआधी रंगीवर ओरडले होते, वहीसुद्धा आपटली होती. ते घरी सांगितलं असेल. सरांना विचारायची हिंमत नाही, म्हणतील बाई आल्या आणि वर्ग ओस पडला. ०/१०.
डहाणूच्या किनाऱ्याकडच्या, घराजवळच्या शाळेसाठी बदलीचा अर्ज लिहून काढला. आई खूश.

२५ नोव्हें.
जानीबाईसमोर रडले. शी! तिने तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काय येडी गो तू! पोरं वीटभट्टीवर गेली ना आईबापासंगं. दिवाळी झाली की जातात, पावसाला येतात. तुझ्यामुळं कोण जाईल?"
दरवर्षी जातात. सरांना ठाऊक, अख्ख्या पाड्याला ठाऊक. मी मात्र आठवडाभर स्वतःलाच फाशी देत बसले. आमच्या वाडीत चिकू काढायला येतात ती माणसं कुठून येतात, हे तरी मी कधी विचारलं?
बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, तासभर. मग वाटलं, म्हणजे मी कुणीच नाही? माझ्यामुळे जात नाहीत, तर माझ्यामुळे येतही नसतील. मार्क सुचत नाहीत.

१२ जाने. २०१७
जानीबाईला विचारलं, "तुला कधी वाटत नाही का, आपण काही कामाच्या नाही?" तिला प्रश्नच कळला नाही. "काम तर करते ना रोज," म्हणाली.
मनात आलं, हिला सोपं आहे. सोपं? पहाटे विहिरीवरून पाणी, मग इथली चूल, मग घरची. लाजच वाटली. ४. की लाज वाटली म्हणून ५?

१७ एप्रिल
तपासणी. साहेब वर्गासमोर "उत्तम" म्हणाले. ९! घरी वहिनी म्हणाली, "अकरा पोरांना कोण नाही शिकवणार!" २. एकाच दिवसात. कंटाळा आलाय मला माझा.

१५ जून
शाळा उघडली. अर्ज द्यायची शेवटची तारीख शनिवार. सात महिने तो पिशवीतच आहे. चांगल्या दिवशी फाडावासा वाटतो, वाईट दिवशी जपून ठेवते.
रंगी आली! उंच झालीय, तळहात खरखरीत. 'कमळ' विसरली. सगळंच विसरली. तिच्याबरोबर 'क' गिरवत बसले. मार्क द्यायचे राहिले, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१६ जून
जानीबाईला बदलीचं सांगितलं. वाटलं, थांब म्हणेल. "जा मग. आईजवळ बरं," एवढंच म्हणाली आणि तांदूळ धुवायला लागली. इतका राग आला! सर म्हणाले, "उद्या द्या, पुढे पाठवतो." कुणालाच काही नाही. मग मी एवढी का तडफडतेय?

१७ जून
शनिवार, सकाळची शाळा. निघताना आई म्हणाली, "आज देऊन ये हं."
रंगीने 'क' काढला, उलटा. हात धरून सरळ करून देणार होते, तर तिने हात सोडवून घेतला, तो 'क' स्वतःच पुसला, परत काढला. परत उलटा. आणि खुशाल हसली. मलाही हसू आलं.
पोरं गेली. कुणी थांब म्हटलेलं नाही. तरी थांबावंसं वाटतंय, की उद्या कुणी काही बोललं की हेही जाईल? मला माझा भरवसा नाही.
सर आत्ताच दारातून विचारून गेले, "बाई, अर्ज आणलाय ना?" "हो" म्हटलं. आणलाय हे खरंच आहे. पिशवी मांडीवर आहे.