छायाची सही आणि एक इंग्रजी विशेषण

लिहून ठेवणार: रंगनाथ गोटीराम विधाते, वय अडुसष्ट, इंग्रजीचा निवृत्त शिक्षक, राहणार मखमलाबाद, नाशिक.

हे मी माझ्या घराच्या ओट्यावर बसून, माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, मी कसली नशा केलेली नाही, आणि घास गिळता येत नसला तरी विचार करता येतो. वकीलसाहेबांनी टाईप करून दिलेल्या मसुद्यात 'माझी मनःस्थिती नॉर्मल आहे' असे वाक्य होते. ते मी खोडले आहे. माझी मुलगी छाया चौतीस वर्षांची आहे, मला अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, आणि माझ्यामागे तिच्या पुढ्यात ताट कोण ठेवील हे मला माहीत नाही. अशा बापाची मनःस्थिती नॉर्मल निघाली तर कोर्टाने त्याच्यावरच संशय घ्यावा. बुद्धी मात्र शाबूत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोठे निघालेच तर ते खोटे समजावे.

१. माझी पत्नी कुसाबाई १९९९ साली वारली. मुलगा ज्ञानेश प्लॉटच्या खरेदी-विक्रीत आहे आणि गंगापूर रोडला वेगळा राहतो. त्याची पत्नी मंजुषा, मुले रुद्र आणि वेदिका. छाया अविवाहित, माझ्याजवळ असते. याखेरीज वारस कोणी नाही.

२. या दस्तात नॉर्मल हा शब्द पुन्हा पुन्हा येणार, म्हणून त्याचा अर्थ आधीच नोंदवतो. वर्गात मी फळ्यावर डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ लिहीत असे. नॉर्मल, विशेषण: नेहमीचा, सर्वसाधारण, नियमाप्रमाणे असलेला. मुले उतरवून घेत आणि मीही त्यावर विश्वास ठेवून होतो.

आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा आला तो छाया जन्मली तेव्हा. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "नॉर्मल झाली." तिथे अर्थ होता, पोट न फाडता. मी पेढे वाटले. पोरगी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, नॉर्मल नाही. कुसाबाईने मला अर्थ विचारला. मी कोशातले सगळे अर्थ सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे पोर धड नाय, असंच ना?" मी तिच्यावर ओरडलो. माझा मेहुणा कारभारी, घोटीचा तांदळाचा व्यापारी, त्याने 'शहाणी नाय' असा अर्थ लावला. भावकीने 'चारचौघींसारखी नाय' असा. शाळेच्या बाई म्हणाल्या, "नॉर्मल मुलांना तिचा त्रास होतो." तिथे नॉर्मल म्हणजे ज्यांचे आईबाप तक्रार करायला येतात ती मुले.

मी हट्टाला पेटलो. मतिमंद म्हणून दाखला घ्या, एस.टी.त सवलत मिळते, असे लोक सांगत. मी तिचे पूर्ण तिकीट काढले. ज्ञानेशच्या लग्नात करवली म्हणून चुलत बहिणीला उभी करू, असे तो हळूच म्हणाला. मी म्हणालो, सख्खी बहीण जिवंत असताना? छाया करा-दिवा घेऊन भावाच्या मागे उभी राहिली. लग्न लागले, फोटो झाले, आणि खाली ठेव म्हणायला आम्ही सगळे विसरलो. पंगती बसल्या तरी पोरगी तशीच उभी. शेवटी नव्या नवरीने, मंजुषाने, उठून तिच्या हातातून तो घेतला. सूनबाई तेव्हापासून माझ्या मनातून उतरलेली नाही.

३. छायाची सही. नोकरीत मी हजारो पोरांना इंग्रजीतले काळ शिकवले. किती जणांना आले ते देव जाणे. एकच गोष्ट मी पक्की शिकवली: छायाला स्वतःचे नाव लिहायला. आधी राखेत बोट धरून, मग पाटीवर, मग कागदावर. एकट्या 'छ'नेच आमच्या नाकी नऊ आणले. कुसाबाई म्हणे, "पोरीचा जीव खाऊ नका, अंगठा हाय ना तिला." मी म्हणे, माझ्या घरात अंगठाबहाद्दर चालणार नाही. अकरा वर्षांनी सही आली. आजही तिला दुसरा शब्द वाचता येत नाही, कागद कसला ते कळत नाही. पण कोणीही कागद पुढे केला की जीभ दातांत धरून ती वळणदार सही करते आणि वर बघते. बँकेत अंगठे उठवणाऱ्या बायका तिच्याकडे बघत राहत. मला वाटे, आता कोण म्हणतो नॉर्मल नाही, त्याने पुढे यावे.

४. फुलांचा मळा. अर्धा एकर, गुलाब आणि शेवंती. कुसाबाईने फुले विकून स्वतःच्या नावावर घेतलेला. तिच्यामागे तो माझा, ज्ञानेशचा आणि छायाचा, तिघांचा झाला. गेल्या श्रावणात ज्ञानेश छायाला गाडीत बसवून घेऊन गेला. परत आली ती उड्या मारत. "नाना, दादानं आईस्क्रीम दिलं. साहेब म्हणाले, अक्षर छान." त्या संध्याकाळी मी खूश होतो. एका सरकारी साहेबाने माझ्या पोरीचे अक्षर वाखाणले म्हणून मी शेजारी जाऊन सांगून आलो.

दोन दिवसांनी मंजुषा एकटी आली. बसली नाही. "नाना, ताईंकडून मळ्याचं हक्कसोड करून घेतलंय. आता तुमच्यामागं घरावरही त्यांचा हक्क नाही, असा कागद तयार होतोय. घरी कळलं की मी सांगितलं, तर कळू दे."

मी ज्ञानेशला बोलावून विचारले. तो म्हणाला, "नाना, तिला काय कळतंय मळ्यातलं? नॉर्मल असती तर मी विचारलं नसतं का?"

"मग सही कशी घेतलीस?"

"सही नॉर्मल आहे की तिची."

तिचा अंगठा असता तर त्या साहेबाने चार प्रश्न विचारले असते, कोणीतरी कागद वाचून दाखवला असता. सही होती, म्हणून कोणाला काही विचारावेसे वाटले नाही. कुसाबाई बरोबर होती. हे तिला आता कोणत्या पत्त्यावर कळवू?

५. वकिलांचे म्हणणे. "सर, दोन दगडांवर पाय ठेवता येणार नाही. मुलगी नॉर्मल आहे म्हणाल, तर सही खरी, मळा गेला, उद्या घरही जाईल. नॉर्मल नाही म्हणाल, तर ती सही रद्द करायला दावा लावू, आणि कलेक्टरच्या समितीकडून तिला पालक नेमून घेऊ. पण बापाने तसं स्वच्छ लिहून द्यायला पाहिजे."

मी विचारले, मधले काही नाही का? सकाळी उठून ती तुळशीला पाणी घालते, मला औषध आठवणीने आणून देते, कोणी रडले की जवळ जाऊन बसते. त्याला काही शब्द असेल.

"कायद्यात नाही, सर."

माझ्याही कोशात नाही. मी शोधून पाहिले.

६. मिळकत. राहते घर मी पगारातून बांधले, ते माझे स्वकष्टार्जित आहे. छाया जिवंत आहे तोवर तिने त्यात राहावे. ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये, बिल्डरला दाखवूही नये. तिच्यामागे रुद्र आणि वेदिका यांना निम्मे निम्मे. मळ्यातला माझा हिस्सा छायाचा. पोस्टातले आणि बँकेतले पैसे तिच्या खाण्या-औषधाला. देखरेख माझा मित्र पुंजाराम बेंडकुळे याने करावी. तो गणिताचा मास्तर, त्याला फसवणे कठीण. तो या दस्ताचा साक्षीदारही असल्यामुळे त्याला माझ्याकडून काही मिळणार नाही. तसेही बुद्धिबळात लबाडी करून त्याने माझ्याकडून पुष्कळ चहा उकळला आहे.

ज्ञानेशला घरातले काही नाही. त्याला माझा जाडा इंग्रजी-मराठी शब्दकोश द्यावा. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. लहानपणी तो या कोशातून अवघड शब्द शोधून छायापुढे मोठ्याने वाची आणि ती प्रत्येक शब्दाला टाळ्या वाजवी. तो एके काळी तिचा भाऊ होता हे त्याला आठवावे, एवढ्यासाठी देत आहे.

मंजुषाला कुसाबाईच्या पाटल्या आणि येवल्याची पैठणी. तिने मागितलेले नाही.

७. पालक. यासाठी मी तीन महिने दारोदार फिरलो, आवाज बसला तरी फिरलो. कारभारी म्हणाला, "दाजी, आमच्यात लग्नाच्या पोरी हायेत. पाव्हणे आधी विचारत्यात, घरात सगळं नॉर्मल हाय ना." भाचीला घरात ठेवता येत नाही, पण तिच्या आईच्या दहाव्याला याने सर्वांत मोठ्याने गळा काढला होता. त्याला माझ्या दहाव्याला बोलावू नये. मंजुषाला विचारले. ती म्हणाली, "नाना, मला त्याच घरात नांदायचंय." तिला मी दोष देत नाही. एका संस्थेत गेलो. तिथे आमच्याआधी इतके बाप येऊन गेले होते की त्यांनी माझे नावही लिहून घेतले नाही.

शेवटी शेजारच्या झुंबरबाईच्या ओट्यावर गेलो. ती विधवा बाई, गजरे करून पंचवटीत विकते. छाया रोज तिच्यापाशी बसून फुले निवडून देते. मी तिच्यापुढे हात जोडले. सगळे खरे सांगितले, पोरगी नॉर्मल नाही हेही. ती म्हणाली, "त्ये मला काय सांगू नका मास्तर, रोज माझ्याच मांडीशी बसती ती. मी हाय तवर ती हाय. पर मी तुमच्याच बरोबरीची. माझ्यामागं कोन?"

तो प्रश्न मी जसाच्या तसा येथे उतरवला आहे.

तरी छायाची पालक म्हणून श्रीमती झुंबरबाई मौले यांना नेमावे, अशी माझी समितीला विनंती आहे. त्यांच्यामागे छायाचा सांभाळ ........................................ यांनी करावा.

ही जागा मी मुद्दाम सोडलेली नाही. माझ्याजवळ तिच्यात घालायला नाव नाही. आयुष्यभर पोरांना 'रिकाम्या जागा भरा' म्हणून छळले. रुद्र, वेदिका, तुम्ही आता लहान आहात. मोठेपणी हा कागद वाचाल तेव्हा ही जागा एकदा पाहा. मी हुकूम करत नाही, भीक मागत आहे.

८. मी गेल्यावर छायाला 'नाना गावाला गेले' असे कोणी सांगू नये. कुसाबाईच्या वेळी बायकांनी तसे सांगितले, तर पोरगी दिवाळीपर्यंत दारात बसून येणारे-जाणारे लोक न्याहाळत होती. तिला माझे तोंड पाहू द्यावे. रामकुंडावरही न्यावे. ती रडेल, रडू द्यावे, पण हात धरून ठेवावा.

९. अंगठा. या सहीने घरही जाईल असे वकिलांनी सांगितल्यापासून मी तिला सही विसरायला शिकवत आहे. याची पद्धत बी.एड.ला नव्हती. घरातली सगळी पेने कुलपात ठेवली. रोज सकाळी स्टॅम्पपॅड पुढे ठेवतो, तिचा डावा अंगठा धरतो, कागदावर टेकवतो. कागद कोणीही दिला तरी एवढेच करायचे, असे सांगतो. पहिले काही दिवस ती हात ओढून घेई, धुण्याच्या दगडावर अंगठा घासून लाल करी. मग बोटाने पिठात नाव लिही, अंगणात काडीने लिही, मला बोलावून दाखवी. मी ते पायाने पुसत असे. पुसताना ती माझ्या पायाकडे बघे. एकदा म्हणाली, "नाना, माझं चुकलं? 'छ' चुकला?" मी म्हणालो, नाही गं, छान आहे. आणि पुसला.

देवाने माझ्यावर दुसरी कुठली वेळ आणली असती तर चालले असते.

१०. तर मी, रंगनाथ गोटीराम विधाते, छायाचा बाप, लिहून देतो की माझी मुलगी छाया नॉर्मल नाही. तिला व्यवहार कळत नाही. गेल्या श्रावणात तिने केलेली सही तिला न समजता घेतलेली आहे. यापुढेही कोणत्याही कागदावर तिची सही आढळली तर ती तिची संमती समजू नये. हे वाक्य मी चौतीस वर्षे कोणाला उच्चारू दिले नाही. आज माझ्या अक्षरात आहे, खाडाखोड न करता.

११. वरचा मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवत असताना छाया आतून आली आणि माझ्याजवळ बसली. सगळे सही करणार म्हटल्यावर तिलाही कागद हवा होता. मी तिला कोरा कागद दिला. तिने पेन मागितले नाही. स्वतः पॅड ओढले, अंगठा उमटवला, नीट, कोठेही न फिसकटता. मी शाबास म्हणालो. ती अंगठ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "नाना, आता मला नाव नाही ना?"

याचे उत्तर मी येथे लिहितो आणि ते या मृत्युपत्राचा भाग समजावे. तिचे नाव छाया रंगनाथ विधाते आहे. ते तिला लिहिता येते.

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
तारीख: २१ जानेवारी २००६

लिहून ठेवणार
(सही) रंगनाथ गोटीराम विधाते

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत श्री. विधाते यांनी वरील सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली. सही वाकडी आली आहे. ती आजाराने, गोंधळाने नव्हे.

(सही) पुंजाराम सोनू बेंडकुळे, निवृत्त शिक्षक, पंचवटी
(सही) यशोदाबाई मंगळू काठे, निवृत्त परिचारिका, मखमलाबाद