बिननावाचं टोपडं

प्रिय आई,

या पाकिटात पत्राबरोबर पातळ कागदात गुंडाळलेली एक पुडी आहे. ती आत्ता उघडू नकोस. आधी पत्र वाच. कामं क्रमाने करायची सवय मला तुझ्याकडूनच लागली आहे.

तुझ्या दुसऱ्या लेकीचा, जोलीनचा, बेबी शॉवर झाला, बाळ येण्याआधीचा भेटींचा समारंभ. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. चर्चच्या तळघरात झाला नाही हे तुला माहीत आहेच, कारण तळघराची किल्ली तुझ्याकडे असते. जानेवारीच्या बैठकीत तू महिला मंडळाला काय सांगितलंस ते मला मिसेस हाउगेननी सांगितलं. ‘मंडळ लग्न झालेल्या मुलींच्या पहिल्या बाळाचा शॉवर करतं, हा नियम आहे, आणि तो कुणासाठीही बदलणार नाही.’ म्हणे हवामानाचा अंदाज वाचावा तशी तू बोललीस, आणि लगेच ईस्टरच्या फुलांचा विषय काढलास. मिसेस हाउगेन तुझ्या तीस वर्षांच्या मैत्रीण आहेत, पण हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी तू त्याहून हळू बोललीस, तेव्हा मी तिथे होते. बटाटे सोलता सोलता तू जोलीनला म्हणालीस, ‘पोट आता कोटाखालीही लपत नाही. रविवारी चर्चला येऊ नकोस, घरीच थांबत जा.’ साल एकसारखी, न तुटता खाली पडत होती. तू ओरडली असतीस तर ती भांडली असती, रडली असती आणि राहिली असती. तिनं त्याच संध्याकाळी बॅग भरली आणि माझ्या दोन खोल्यांत राहायला आली. मी तुला म्हटलं होतं, मंडळ करत नसेल तर शॉवर मी करते. त्यावर तुझं उत्तर होतं, ‘घरच्यांनी शॉवर करायची पद्धत नाही. लोक म्हणतील, भेटींसाठी हात पसरले.’ म्हणजे बाहेरच्यांनी करायचा तर नियम आड येतो आणि घरच्यांनी करायचा तर पद्धत. कारखान्यात असं रेखाचित्र कुणी माझ्या टेबलावर आणलं तर मी ते परत पाठवते. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या पाइपातून काही वाहत नाही.

या गावात जन्मलेलं एकही बाळ मला आठवत नाही जे तुझ्या गोधडीत झोपलं नाही. बँकेच्या मॅनेजरच्या नातवाला तू गोधडी केलीस, आणि ते लोक तर महिन्याभरात गाव सोडून गेले. पास्टरच्या मेहुणीला केलीस, तिचं तोंडही तू पाहिलं नव्हतंस. बाळाचा बाप डॅरेल टेक्ससला तेलविहिरींवर गेला आणि त्याचं फक्त एक पोस्टकार्ड आलं, हा जोलीनचा गुन्हा झाला. पण डॅरेलची आई अजून दर बुधवारी तुझ्या शेजारी बसून टाके घालते. तिला तू घरी थांबायला सांगितलं नाहीस.

तेव्हा गोधडी मीच करायला घेतली. मी आयुष्यात बटणसुद्धा धड लावलेलं नाही, पण मोजता येतं आणि कापता येतं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची चित्रं काढते त्याच टेबलावर कापड पसरून मी चौकोन कापले, एकूण एक सारखे, कडा काटकोनात. शिवायला लागल्यावर गोधडी आकसत चालली. प्रत्येक चौकोनाला चारी बाजूंनी शिवणीसाठी पाव इंच जास्त सोडायचा असतो, हे मला माहीतच नव्हतं. पोलादाचा भाग जेवढा हवा तेवढाच काढतात. तयार झालं तेव्हा त्यात बाळाचे पाय बाहेर राहिले असते. त्या रात्री मला तुझा फार राग आला, आई. माझ्या चुकीचा नाही, तुझा. फोन भिंतीवर होता आणि हे एका वाक्यात सांगू शकणारी बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी फोन केला नाही.

शॉवर अग्निशमनदलाच्या हॉलमध्ये केला. त्यांनी एक ट्रक बाहेर काढून दिला, दुसरा चालू होत नव्हता म्हणून आतच राहिला. मी त्याच्या शिडीवर जुन्या चादरींच्या पताका बांधल्या. पुठ्ठ्यात छाप कोरून ठेवले होते, ट्रॅक्टर, कणीस, बदक, आणि पांढरी छोटी झबली मांडली होती, येणाऱ्या प्रत्येकीने एक रंगवायचं. खुर्च्या बऱ्याच मांडल्या होत्या. सहाजणी आल्या. बाकीच्यांची गाडी बिघडली होती, नाहीतर डोकं दुखत होतं.

मिसेस हाउगेन सगळ्यांच्या आधी आल्या, गाजर घातलेली नारिंगी जेली आणि लोण्यात भिजलेल्या बटाट्याच्या पोळ्या घेऊन. त्यांनी गोधडी उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, ‘कर्स्टन, ही मांजरीसाठी का?’ जोलीन इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग त्याच म्हणाल्या, ‘कडेने रुंद पट्टी लाव गं. बाळाला काय इंच कळतात?’ आणि पर्समधून सुई काढून त्यांनी एक बाजू सुरूही केली. पोटाचा घेर ओळखायच्या खेळात प्रत्येकीने अंदाजाने लोकरीचा धागा कापला. मिसेस हाउगेनचा धागा जोलीनला दोनदा गुंडाळला तरी उरला. ‘मी मागच्या ट्रकचं माप घेतलं वाटतं,’ त्या म्हणाल्या. माझा तंतोतंत निघाला. जोलीन ओरडली, ‘हिचा धरू नका, काल मी झोपेत असताना हिनं टेप लावून पाहिलीय!’ ते खरं होतं. जानेवारीनंतर मी तिला पहिल्यांदा असं हसताना पाहत होते. ते तू पाहायला हवं होतंस, आणि हे मी गोड बोलण्यासाठी लिहीत नाहीये.

भेटी उघडताना कुणी काय दिलं ते लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. अगदी शेवटी मिसेस हाउगेनच्या पिशवीतून एक लहानशी पुडी निघाली. आत क्रोशाचं पांढरं टोपडं, कडेला शिंपल्यांची नक्षी. चिठ्ठी नाही, नाव नाही. जोलीनने विचारलं, ‘हे कुणाचं? आभाराचं पत्र कुणाला पाठवू?’ मिसेस हाउगेन कॉफीच्या कपात बघत म्हणाल्या, ‘कुणीतरी चर्चच्या दारात ठेवलं होतं.’ त्यांना खोटं बोलता येत नाही. तुझ्या मैत्रिणीला एवढं तरी शिकवून पाठवायचंस.

मी टोपडं उजेडात धरलं. टाके उलट्या बाजूला कलले होते. मंडळात डावखुरी तू एकटीच आहेस.

जोलीनला टाके बघायची गरजच पडली नाही. तिनं ते आपल्या मुठीवर चढवलं, बराच वेळ बघत राहिली, आणि भेटींच्या ढिगात न ठेवता कोटाच्या खिशात घातलं. घरी आल्यावर म्हणाली, ‘राग असता तर टोपडं केलं असतं का तिनं? ती फोन करेल बघ.’ त्यानंतर फोन वाजला की ती उठायची. तशा पोटाने, खुर्चीला धरून. एकदा सायकलच्या दुकानाचा होता, दोनदा चुकीचा नंबर. मला राग येतो तो याचा. तू पूर्णपणे दूर राहिली असतीस तर मी तुला माझ्या मनात एका जागी ठेवून दिलं असतं आणि तिलाही ठेवायला शिकवलं असतं. पण तू रात्री बसून एवढं नाजूक काम केलंस आणि दुसरीच्या पिशवीत लपवून पाठवलंस, चोरीचा माल पाठवावा तसं. नातवंडावर माया करायची, पण कुणी पाहता कामा नये. ही माया जोलीनने कुठे ठेवायची, तूच सांग.

सोमवारी बाळ झालं. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत. मिसेस हाउगेननी तुला त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं हे मला ठाऊक आहे. तू म्हणालीस, ‘सुखरूप आहेत ना, बरं झालं,’ आणि ओव्हनमधला पाव बघायला गेलीस. बाळाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते तिच्या आईकडून ऐक.

आता पुडी उघड. लहानपणी तू आम्हा दोघींना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायचीस, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, आणि सांगायचीस की आभाराचं पत्र पोस्टात पडल्याशिवाय भेट वापरायची नाही. जोलीन अजून ते पाळते. बाकीची सगळी पत्रं तिनं बाळ व्हायच्या आधीच लिहून टाकली. टोपडं तेवढं हॉस्पिटलच्या बॅगेत तसंच पडून होतं, कारण ते तुझं आहे हे तिनं ओळखलं होतं, पण तू ते कबूल केलं नव्हतंस, मग पत्र कुणाच्या नावाने लिहिणार. म्हणून ते पत्र मी लिहीत आहे. भेट मिळाली, आभारी आहोत. पण ही भेट आम्ही अशी घेणार नाही, म्हणून परत पाठवते आहे. जोलीनला सांगितलंय की धुवायला नेलं. शनिवारी सकाळी त्यांना घरी सोडणार आहेत. हॉस्पिटलच्या पुढच्या दारातून, सगळ्यांसमोर, मंडळातल्या निम्म्या बायका तिथे कामाला असतात तरीही. आयोवातला मार्च कसा असतो ते तुला माहीत आहे, वारा सरळ शेतांवरून येतो, आणि बाळाच्या डोक्यावर घालायला आमच्याकडे दुसरं काही नाही. आणायचं असेल तर स्वतःच्या हाताने आण. माप बरोबर आहे. पाठवण्याआधी मी एकदा तिला घालून पाहिलं, आणि काढून घेतलं.

तुझीच,
कर्स्टन