थंडीची चाचणी

८ जाने. ५६, हैद्राबाद
फुगा नीट सुटला. खाली टांगलेल्या पेटीत विश्वकिरण मोजायच्या मी बनवलेल्या चार काचनळ्या. टकटक बिनतारीवर झकास येत होती. दीड तासाने बंद. सरांनी वेळ टिपली. उडवायच्या आधी नळ्या दोन तास बर्फ-मिठात ठेवून बघायच्या असतात. बर्फ आला नाही, मी न बघताच चाचणीवहीत लिहिलं: थंडीत ठीक. खाली सही.

११ जाने.
पेटी राणीसावरगावच्या शिवारात पडली. सर म्हणाले, "तू तिकडचाच, झरीचा, भाषा येते, तूच जा. वही घे, कुठली नळी गेली ते ताडून बघ." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

१३ जाने., राणीसावरगाव
पेटी धोंडिबा धनगराला सापडली. त्याने कुणाला हात लावू दिला नाही. वर स्वतःचं घोंगडं. "गारठा लय पडायलाय. आत काय जितं असंल तर काकडंल म्हून घातलं."
चावडीवर उघडली. चारही नळ्यांचा लाखेचा सांधा तडकलेला, आतला वायू गेलेला. थंडीनेच. पाटील म्हणाले, "धोंड्या, पाडलीस न्हवं?"
"न्हाई जी. सायेब, तुमी सांगा की."
मी चष्मा पुसत बसलो. मग म्हणालो, "धक्का लागला असेल." नालायक माणूस मी.

१४ जाने.
धोंडिबाने बिरोबापुढे शपथेचा भंडारा उचलला, पाडली नाही म्हणून. भावकीतला एकजण सगळ्यांदेखत, "सायेब कशाला लबाड बोलंल?" मेंढरं मिसळली की कुठलं कुणाचं, हे आजवर धोंडिबाच्या शब्दावर ठरायचं. दुपारी दोन कळप मिसळले. त्याला कुणी विचारलं नाही. मी तिथंच होतो.

१५ जाने., गंगाखेड स्टेशन
धोंडिबा पेटी डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत आला. घोंगड्यातच बांधलेली. "ऱ्हाऊ द्या, वाटंत धक्का लागंल. मागून पाठवा." मग हळूच, "जशी आली तशी दिली, येवढं लिवून द्या. भावकीला दाखवतो."
मी म्हणालो, सरांना विचारून पाठवतो. तिथंही तेच! लाज वाटते, नुसती लाज.
आता वही उघडली आहे. 'थंडीत ठीक' वर रेघ मारली. शेजारी लिहिलं: चाचणी केली नाही. त्याने मागितलेल्या चिठ्ठीसाठी कोऱ्या कागदावर धोंडिबाचं नावही घातलं. दोन्हीकडे सही करायची राहिली आहे. गाडीची घंटा झाली. गारठा आहे, आणि त्याचं घोंगडं माझ्यापाशी.