उलटी बसलेली खिडकी

कोरेगाव,
ता. ११ जानेवारी १९७७

चि. हरणा हिस,
तुझ्या सासूचे व माझे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. तिकडं कुंडलला तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग. तुझ्या भावाचा निरोप पोचला. स्थळ चांगलं आहे, पण आमच्या होकाराशिवाय तू म्होतराला, दुसऱ्या लग्नाला, उभी राहणार नाहीस, हे कळलं. त्याचं पुढं लिहितो. आधी इकडचं.

धरणात गाव गेलं तेव्हा घराच्या खिडक्या काढून आणल्या होत्या. त्या इथं मळ्यात, भाजीच्या वाफ्यांच्या कडेला शेड बांधून बसवल्या. कुदळी, पाट्या, बियाणं ठेवायची सोय झाली. तुझ्या खोलीची खिडकीही त्यातच. तिची एक बाजू हिरवी रंगवलेली, म्हणून मी ती दर्शनी केली. सुतार म्हणाला, "आवं, कडी भाईर येतीया." मी म्हटलं, "शेडला कडी भाईरनंच लागती, गड्या. बसव." सुनेच्या खोलीत सासरा डोकावत नाही, तो रंग तू आतून दिला होतास हे मला कुठून ठाऊक? तुझ्या सासूनं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला: खिडकीची बाहेरची बाजू शेडच्या आत गेली होती.

आपला जोतीराम पलटणीतून रजेवर आला की पहाटे दार न ठोठावता तीच खिडकी वाजवायचा. आम्ही उठून बघतो तर हा चहा पीत बसलेला, आणि तू पदराआड हसतेस. लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली त्याला पाच वर्षं झाली.

हरणा, ती खिडकी वाजते. भर दुपारी, वारा नसताना, आणि आतून.

आधी उंदीर म्हटलं. शेड रिकामी केली, बिजागऱ्यांना तेल घातलं. मग स्वतः ऐकलं. दोनदा, थोडं थांबून पुन्हा दोनदा, त्याच्याच सवयीनं. मला भीती वाटली. पोटच्या पोराची भीती वाटली गं.

तुझी सासू दिवसभर शेडपुढं बसून असते, कडीला हात लावू देत नाही. म्हणते, "उगडलं की जाईल त्यो. आन हरणाला बोलवून घ्या. तिचीच वाट बगतुया."

हे पत्र तिनंच लिहायला लावलंय, तुला बोलावण्यासाठी. समोर बसली आहे. तिला वाचता येत नाही म्हणून मला लिहिता येतंय.

तू येऊ नकोस. आलीस तर तूही त्या खिडकीपुढं बसशील, आणि आम्ही तुला उठवणार नाही. म्हातारपणी माणूस हवंसं वाटतं, आणि तुझी सय लय येते. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून आजच लिहून टाकतो: माझा होकार आहे. भावाला सांग, तारीख धरा. तुझ्या सासूशी काय ते मी बघीन.

ती आत्ता विचारतेय, "लवकर ये म्हणून लिवलं न्हवं?"

मी व्हय म्हटलं.

नव्या घरी सुखानं नांद.

तुझा बाप,
नाथाजी